घरगाडीची हवा

परवा आमच्या दारात एक घर येऊन उभं राहिलं. होय, घरच! माझा पुण्याचा भाचा, त्याची बायको आणि दोन मुलं आठ दिवसांसाठी भाड्याने घेतलेली 'मोटरहोम' घेऊन जालन्यात आली. एका मोठ्या व्हॅनच्या पोटात पलंग, शेगडी, फ्रिज, पाण्याची टाकी आणि मोरी असं सगळं बसवलेलं. सौ.ने आत जाऊन ओटा पाहिला आणि "आपल्या पहिल्या भाड्याच्या खोलीपेक्षा बरा आहे," एवढंच म्हणाली. ते खरंच आहे. गल्लीतली मुलं दिवसभर खिडक्यांना नाकं लावून उभी होती.

चहा झाल्यावर भाच्याने हळूच अडचण सांगितली. "मामा, टायरमध्ये हवा किती भरायची तेच कळेना. गाडीवाले म्हणाले चारही चाकांत 65 पौंड ठेवा. वाटेत पंपावरचा पोरगा म्हणाला 35 बास, जास्त भरली तर उन्हात फुटेल. आणि दारावरच्या पट्टीवर तिसरेच आकडे आहेत. पुढे समृद्धीवरून जायचंय, पोरं आत झोपलेली असणार."

त्याचं शेवटचं वाक्य मला लागलं. मी मराठी माध्यमातून बी.ए. झालेला माणूस, गाडी म्हणून आयुष्यात फक्त सायकल आणि एक जुनी लूना चालवली. पण हवेच्या या प्रश्नाशी माझा एक जुना हिशोब आहे, अडतीस वर्षं थकलेला. तो सांगायचा तर थोडं मागे जावं लागेल.

भाच्याच्या मुलीला वाटत होतं की चाकावरचं घर जालन्याने पहिल्यांदाच पाहिलं. मी तिला म्हटलं, बाळ, आमच्या जिल्ह्यातून दर दसऱ्याला चाकावरची घरं निघतात. अंबड, घनसावंगी, मंठा, परतूर या भागांतून, आणि शेजारच्या बीडमधून तर किती तरी जास्त. गाडीत कणगीतली ज्वारी, दोन पातेली, तवा, पाण्याची घागर, गोधड्या, कोयते, कोंबड्या, गोधडीत गुंडाळलेलं लेकरू आणि कधी म्हातारी आई. सहा महिने हेच घर. फडाच्या कडेला पोहोचलं की उसाच्या पाचटाची कोपी उभी करायची, पण संसाराचं सामान खऱ्या अर्थाने असतं ते गाडीतच. हल्ली बरीच माणसं ट्रकने नाहीतर ट्रॅक्टरने जातात. पण बैलगाडीवाले अजून आहेत, आणि त्यांच्या गाडीला रबरी टायर असतो. त्या टायरमध्ये हवा असते. म्हणजे प्रश्न भाच्याचाच!

माझ्या लहानपणी मात्र आमच्या गावात रबरी चाकाची गाडी नव्हती. तेव्हा आम्ही औरंगाबाद जिल्ह्यात होतो (जालना जिल्हा झाला तो 1 मे 1981 रोजी), आणि माझ्या जन्माच्या थोडं आधीपर्यंत निजामाच्या राज्यात. एस.टी.च्या आधी आमच्याकडे निजाम स्टेट रेल्वेच्या मोटारी होत्या. त्या 1932 साली 27 बसवर सुरू झाल्या. रबरी चाक लोकांनी पाहिलं ते त्या मोटारींचं. गावातलं चाक होतं बाभळीचं: मध्ये तुंबा, त्यात आरे, भोवती पाटे आणि त्यावर लोखंडाची धाव.

धाव चढवण्याचा दिवस म्हणजे आम्हा पोरांचा सण. लोहार जमिनीवर गोवऱ्यांचं कडं रचायचा, त्यात धाव लाल व्हायची. मग तिघे-चौघे सांडशीने ती उचलून चाकावर बसवायचे, लाकूड धूर सोडायचं, वर बदाबदा पाणी. तापलेलं लोखंड फुगतं आणि थंड झालं की आवळतं. हे मी पुस्तकात वाचण्याआधी पाहिलं. धाव अशी आवळायची की सगळे सांधे कुरकुरून बसायचे.

पण त्या धावेचा एक दोष होता. ती साधारण 5 सेंटीमीटर रुंद, आणि कडक रस्त्यावर तिचा टेकलेला भाग लांबीला फार तर दोन-तीन सेंटीमीटर. म्हणजे दहा-पंधरा चौरस सेंटीमीटरवर चाकाचं सगळं ओझं. एका चाकावर 400 किलो धरले तर प्रत्येक चौरस सेंटीमीटरवर तीस-पस्तीस किलोच्या आसपास भार येतो. खडीच्या सडका धावेने दळल्या जायच्या आणि काळ्या रानात चाकोऱ्या पडायच्या. पावसाळ्यात त्या चाकोरीत चाक तुंब्यापर्यंत जायचं. मग माणसं उतरायची, चाकाला खांदा लावायची, आणि बैलांच्या पाठीवर... असो. ते आठवायला नको.

आता गंमत बघा. हवेचा टायर मोटारीसाठी शोधला गेला असं आपण समजतो. तसं नाही. रॉबर्ट विल्यम थॉमसन या स्कॉटिश तरुणाने 1845 साली त्याचं पेटंट घेतलं, तेव्हा मोटार होतीच कुठे? त्याची 'हवेची चाकं' लंडनच्या रीजंट पार्कात घोडागाडीला लावून दाखवली. एक जोडी सुमारे 1,200 मैल चालली म्हणतात. पण चांगलं पातळ रबर मिळेना, खर्च परवडेना, आणि जग ती गोष्ट चक्क विसरलं. पुढे 1888 मध्ये बेलफास्टला जॉन बॉइड डनलॉप याने मुलाच्या तीनचाकी सायकलला हवा भरलेली रबरी नळी गुंडाळली. डनलॉपला पेटंट मिळालं, पण थॉमसनचा जुना कागद वर आला आणि ते रद्द झालं. नाव मात्र डनलॉपचंच राहिलं. हा डनलॉप धंद्याने कोण होता माहीत आहे? जनावरांचा डॉक्टर! मला ही गोष्ट फार आवडते. बैलाच्या मानेवरचा भार थोडा तरी हलका केला तो एका गुरांच्या डॉक्टरच्या नळीने.

त्याच्या नावाच्या कंपनीने 1936 साली बंगालमध्ये हुगळीकाठी साहागंजला कारखाना काढला. बैलगाडीसाठी रबरी टायर देशात विकले जाऊ लागले आणि खेड्यापाड्यांत 'डनलॉपची गाडी' हा शब्दच झाला, मग टायर कोणत्याही कंपनीचा असो. साहागंजचा कारखाना आता बंद आहे, शब्द अजून चालतोय. तरीही कित्येक वर्षं बहुतेक गाड्या धावेच्याच राहिल्या, कारण धाव गावचा लोहार चढवतो आणि टायरला रोख पैसे लागतात. बंगळूरच्या आय.आय.एम.चे पहिले संचालक एन. एस. रामस्वामी यांनी 1970 च्या दशकात बैलगाडीचा कसून अभ्यास केला. देशात सुमारे दीड कोटी गाड्या आहेत असा त्यांचा अंदाज होता. मॅनेजमेंट शिकवणारा माणूस बैलाच्या खांद्यावरचे वळ बघत हिंडतो, याचं तेव्हा पुष्कळांना हसू आलं असेल.

आमच्याकडे टायर आला तो उसामुळे. प्रवरेचा सहकारी कारखाना 1950 मध्ये सुरू झाला, पाठोपाठ पश्चिम महाराष्ट्रात कारखाने वाढले आणि तोडायला माणसं लागली. मग 1972 चा दुष्काळ पडला. मी नुकताच नोकरीच्या खटपटीत होतो. खडी फोडायच्या कामावर आमच्या गावची अर्धी माणसं होती, मीही काही दिवस हजेरी लिहिली. त्या दुष्काळाने कोयत्याची वाट रुळली ती आजतागायत. मुकादमाची उचल घ्यायची आणि जोडीने ती फेडायची. नवरा-बायको मिळून 'एक कोयता'. माणसांची अशी मोजदाद दुसऱ्या कुठल्या धंद्यात मी ऐकलेली नाही. पुढे 1976 मध्ये पैठणचं जायकवाडी धरण पुरं झालं, डावा कालवा आमच्या अंबडकडे आला, इथेही ऊस झाला, अंकुशनगरला साखर कारखाना उभा राहिला. तरी माणसं जायची थांबली नाहीत.

ऊस वाहायला धावेची गाडी उपयोगाची नव्हती. टायरगाडीत दोन-अडीच टन माल बसतो, कधी त्याहून जास्त कोंबतात. पुष्कळ ठिकाणी गाडी कारखान्याची, बैल मजुराचे, गाडीचं भाडं हिशोबात कापलं जायचं. पंक्चर मात्र ज्याचं त्याने पाहायचं. गव्हाणीपुढे रात्रभर रांग, पहाटे गाडी रिकामी, परत फड. या गाडीला लावायला सांगली जिल्ह्यातल्या राजारामबापू इन्स्टिट्यूटच्या विद्यार्थ्यांनी 2022 मध्ये 'सारथी' नावाचं एक जादा चाक केलं, जोखडाचा भार स्वतःवर घेणारं. फोटो बघून मला बरं वाटलं आणि वाईटही वाटलं. पन्नास वर्षं हे चाक कुणाला सुचलं नव्हतं.

आता माझा हिशोब.

1987 ची गोष्ट. मी अंबड तालुक्यातल्या एका शाळेत सातवीला होतो (म्हणजे शिकवायला!). विज्ञानाचे मास्तर बदलून गेले, म्हणून बी.ए. झालेल्या मला विज्ञान दिलं. मी रात्री वाचायचो आणि सकाळी शिकवायचो. दाब म्हणजे बल भागिले क्षेत्रफळ, हे सूत्र फळ्यावर लिहून चौकट केली आणि मुलांनी पाठ केलं. वर्गात तेव्हा दसऱ्यानंतर निम्मी बाकं रिकामी. हंगामी वसतिगृहं, साखरशाळा हे सगळं आमच्याकडे नंतरचं. आई-बापाबरोबर गेलेली पोरं चैत्रात परत यायची, काळी पडलेली, हातावर उसाच्या पात्याचे चरे, आणि पंधरा दिवसांत परीक्षा.

वार्षिक परीक्षेत मी प्रश्न घातला: जमिनीवर पडणारा दाब कमी करण्यासाठी काय कराल? दोन गुण. पुस्तकातलं उत्तर होतं, क्षेत्रफळ वाढवू. असाच एक नुकताच फडावरून आलेला मुलगा. त्याने लिहिलं होतं, "टायरची हवा कमी करीन."

मी लाल रेघ मारली. शून्य दिलं. वर शेरा लिहिला, 'प्रश्न नीट वाच.' मला वाटलं, हवेचा दाब आणि जमिनीवरचा दाब यांत पोराचा घोटाळा झाला.

घोटाळा माझा झाला होता. तो मला पुढे कधीतरी सायकलची हवा तपासताना उलगडला, आणि मी रस्त्यातच उभा राहिलो. टायरचं ओझं पेलते ती आतली हवा. ओझं तेवढंच असेल आणि हवेचा दाब कमी केला, तर टायर बसतो, पसरतो आणि जास्त जमीन धरतो. चाकावर 1,200 किलो असतील आणि आत 60 पौंड, म्हणजे साधारण 4.2 किलो दर चौरस सेंटीमीटरला, तर टेकलेला भाग सुमारे 285 चौरस सेंटीमीटर. हवा 40 पौंडांवर आणली की तोच भाग 430 च्या घरात जातो. म्हणजे हवा कमी केली की क्षेत्रफळ वाढतं आणि जमिनीवरचा दाब कमी होतो! पोराने पुस्तकातलंच उत्तर एक पाऊल पुढे जाऊन लिहिलं होतं. ओल्या काळ्या रानात त्याच्या बापाची गाडी रुतायची नाही ती याच कारणाने. घट्ट टायर चिखलात सुरीसारखा उतरतो.

तो त्या वर्षी सातवीत राहिला. माझ्या दोन गुणांमुळे राहिला असं नाही, गणितात आणि इंग्रजीतही कच्चा होता. पण दसऱ्याला गेला तो शाळेत पुन्हा आला नाही.

तो कुठे गेला हे मला शोधावं लागलं नाही. गेली वीस-बावीस वर्षं अंबड रस्त्याला त्याचं पंक्चरचं दुकान आहे. माझ्या लूनाची हवा त्यानेच भरली. "गुरुजी, या," म्हणून स्टूल पुसून देतो. इतक्या वर्षांत ती लाल रेघ मी त्याच्यापाशी काढली नव्हती. भाच्याला घेऊन मी त्याच्याकडेच गेलो, दुसरीकडे जायचं डोक्यातही आलं नाही.

त्याने गाडीभोवती एक चक्कर मारली, टायरवरची बारीक अक्षरं वाचली आणि हवेला हातच लावला नाही. म्हणाला, "आधी वजन करून आणा. पाणी, सामान, माणसं सगळं आत ठेवून." जालन्यात भुईकाट्यांना तोटा नाही. इथे भंगार येतं आणि सळई होऊन जातं, आमच्या गावच्या कितीतरी धावा त्या भट्ट्यांत गेल्या असतील. काट्यावर आधी सगळी गाडी घेतली, मग नुसती पुढची चाकं, मग एकेक बाजू. काटेवाला वैतागला. पण चिठ्ठी बोलकी निघाली: एकूण 3,460 किलो, त्यात मागे 1,980. आणि मागच्या दोन चाकांतही डाव्यावर 1,060, उजव्यावर 920. कारण? पाण्याची टाकी आणि ओटा दोन्ही डावीकडे!

तेव्हा तिन्ही सल्ले का वेगळे होते ते कळलं. दारावरची पट्टी व्हॅन कारखान्यातून निघाली तेव्हाची, आत घर बसवण्याआधीची. पंपावरचा पोरगा कारचा आकडा सांगत होता. आणि गाडीवाले टायर जास्तीत जास्त भार उचलेल तेव्हाचा आकडा चारही चाकांना लावत होते. युरोपात अशा घरगाड्यांसाठी 'सीपी' अक्षरांचे खास टायर मिळतात, आणि त्यांच्या मागच्या चाकांना सरसकट साडेपाच बार, म्हणजे सुमारे 80 पौंड सांगितले जातात. न तोलता सांगायचं तर सुरक्षित बाजूचा आकडा तोच. पण पुढच्या हलक्या चाकांत तितकी हवा कोंबली तर गाडी उड्या मारते आणि ब्रेक धरत नाही.

भाच्याने फोनवर टायर कंपनीचा तक्ता काढला. त्यात त्या मापाच्या टायरला किती ओझ्यासाठी किती हवा ते दिलेलं असतं. एका धुरेवरच्या दोन्ही चाकांत हवा सारखीच लागते, म्हणून जड बाजू धरायची. वर थोडी राखीव. पुढे 42, मागे 62 ठरली. (हे आकडे त्या गाडीचे. कृपा करून कुणी आपल्या गाडीला लावू नका.)

"पण मामा, उन्हात फुटणार नाही ना?" भाच्याची बायको.

याचं उत्तर माझ्याआधी दुकानदाराने दिलं. "ताई, टायर फुटतो तो बहुतेक वेळा कमी हवेनं. मऊ टायर पळताना सारखा मुडपतो, मुडपून तापतो." मी नंतर घरी गणित केलं. सकाळी 27 अंशांना 60 पौंड भरलेली हवा पळून 60 अंशांवर गेली तर काटा 68 दाखवेल. तो वाढणारच, तक्त्यात ते धरलेलं असतं. ते बघून घाबरून दुपारी हवा सोडली तर दुसऱ्या दिवशी सकाळी टायर मऊ, आणि मग खरा धोका. नायट्रोजनबद्दलही विचारलं पोरांनी. साध्या हवेत तो 78 टक्के असतोच, बाळांनो.

समृद्धीचं भय मात्र खोटं नाही. नागपूर-शिर्डी रस्ता 11 डिसेंबर 2022 रोजी सुरू झाला, तो जालना आणि बदनापूर तालुक्यांतून जातो. ताशी 120 ची मुभा, सरळ सिमेंट, आणि खाली झिजलेले टायर. पुढच्याच वर्षी आर.टी.ओ.ला नाक्यांवर टायर तपासायला माणसं उभी करावी लागली. 1 जुलै 2023 च्या पहाटे सिंदखेडराजाजवळ खाजगी बस पेटली, 25 माणसं गेली. टायर फुटल्याचं चालकाने सांगितलं आणि आर.टी.ओ.च्या तपासणीत तसं काही आढळलं नाही. टायरला तोंड नसतं, त्यामुळे त्याच्यावर काहीही ढकलता येतं.

हवा भरून होईपर्यंत ऊन उतरलं. मी स्टुलावर बसून होतो. म्हटलं आता सांगून टाकावं. सांगितलं त्याला, सातवीचा पेपर, दाबाचा प्रश्न, तुझं उत्तर बरोबर होतं, मी शून्य दिलं.

तो वॉल्व्हला थुंकी लावून बुडबुडा बघत होता. हसला. "मला वाटलं होतं अक्षर वाईट म्हणून कापले." मग थोड्या वेळाने, "बापाला दाखवला होता पेपर. तो म्हणाला, मास्तरला गाडी हाकायला घेऊन जाऊ एकदा."

मी काय बोलणार? त्याचा बाप जाऊन पंधरा वर्षं झाली.

निघताना त्याने बजावलं, सकाळी गाडी हलवायच्या आधी पुन्हा काटा लावा. भाच्याने सहा वाजता लावला. तीन चाकं जिथल्या तिथे, मागचं डावं पाच पौंड उतरलेलं. सर्वांत जड चाक तेच! पुन्हा त्याच्या दारात. दुकान उघडायचं होतं, तो दात घासतच आला. टायर पाण्यात फिरवला आणि त्यातून सळईच्या तारेचा बोटभर तुकडा ओढून काढला. बंद करून, हवा भरून, काटा दोनदा बघून मग चाक चढवलं. मी पैसे पुढे केले तर नको म्हणाला नाही. पंक्चरचे घेतले, हवेचे घेतले नाहीत.

दुपारी लोणारहून भाचीसुनेचा फोन आला. सगळे सरोवराच्या काठावर पोहोचले होते. मी विचारलं, हवा? ती म्हणाली, मामा, मागे 69 दाखवतोय, पण आम्ही सोडली नाही.